जिना, शेंगदाणा आणि विजेचा मीटर

नववीच्या विज्ञानाच्या वहीत दोन वाक्यं हमखास सापडतात. कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा. ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही. दोन्ही मुलांना तोंडपाठ असतात, कारण दोन्हींना गुण असतात. त्याच शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एखाद्या टेबलावर एक मोटर, तिला पट्ट्याने जोडलेला डायनामो, डायनामोतून परत मोटरकडे गेलेली वायर आणि वर ‘इंधनाशिवाय वीज’ अशी पाटी, असाही प्रकल्प दिसतो. कुठेतरी बॅटरी दडवलेली असते, नाहीतर ‘सुरुवातीला फक्त एक झटका द्यावा लागतो’ असं सांगितलं जातं. पाहुणे कौतुकाने मान डोलावतात. वहीतला नियम आणि टेबलावरचा प्रकल्प एकमेकांना खोटं पाडत असतात, पण त्याची कुणालाच अडचण होत नाही. नियम परीक्षेसाठी असतो, प्रकल्प बक्षिसासाठी.

यावर सांगितला जाणारा उपाय ठरलेला आहे : पाठांतर सोडा, मुलांना हाताने करू द्या. उपाय चांगला आहे, पण निदान अर्धवट आहे. तो इंधनाशिवाय वीज देणारा प्रकल्पही मुलांनी हातानेच केलेला असतो. थर्माकोलची पवनचक्की, पुठ्ठ्याचं धरण, सोनेरी कागद लावलेली सौरचूल, या सगळ्यांत हात भरपूर चालतात. चालत नाही ती मोजपट्टी, तापमापी आणि तराजू. पवनचक्कीने किती वीज दिली, हे कुणी विचारत नाही. सौरचुलीतलं पाणी किती तापलं, हे कुणी लिहून ठेवत नाही.

माझं म्हणणं असं, की ऊर्जेच्या बाबतीत मोजमापाशिवायची कृती म्हणजे निव्वळ हस्तकला. ऊर्जा शिकवायची म्हणजे जमाखर्च ठेवायला शिकवायचं : किती आली, किती कामाला लागली, किती कुठे गेली. आणि हा जमाखर्च पहिल्या फटक्यात जुळत नाही, यातच या विषयाचं शिक्षणमूल्य आहे.

इतर अनेक विषयांत नुसती कृतीही पुष्कळ काही देऊन जाते. मटकीला मोड आणले, भिंगाने कागद जाळला, चुंबकाला लोहकीस चिकटवला, की मूल काहीतरी प्रत्यक्ष पाहतं. ऊर्जा मात्र कुणी पाहिलेली नाही. दिसतो तो प्रकाश, जाणवते ती ऊब, फिरतं ते चाक. या सगळ्यांतून एकच राशी रूप बदलत फिरते आहे, हे डोळ्यांना कधीच कळणार नाही. ते आकड्यांतूनच कळतं. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी कॅलटेकमधल्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानमालेत हे स्पष्टच सांगितलं होतं. ऊर्जा म्हणजे नेमकं काय, हे भौतिकशास्त्र सांगू शकत नाही. ते एवढंच सांगतं, की ठरावीक रीतीने काढलेला एक आकडा निसर्गात कितीही उलथापालथ झाली तरी तोच राहतो. पुढे १९६६ मध्ये अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षकांपुढे बोलताना त्यांनी पहिलीच्या एका पाठ्यपुस्तकाचा समाचार घेतला. त्यात चावीचा कुत्रा, खरा कुत्रा, मोटरसायकल अशी चित्रं होती, ‘हे कशामुळे चालतं?’ असा प्रश्न होता आणि सगळ्यांचं उत्तर एकच : ऊर्जेमुळे. फाइनमन यांचा आक्षेप असा, की या उत्तराने मुलाच्या ज्ञानात कणभरही भर पडत नाही. खेळणं उघडा, स्प्रिंग पाहा, दातेरी चाकं पाहा, चावी कुणी दिली ते विचारा. मग काहीतरी हाती लागेल.

आपल्याकडच्या कृतीही बहुधा याच उत्तराशी येऊन थांबतात. सेलला बल्ब जोडला, बल्ब लागला, की वहीत लिहायचं : रासायनिक ऊर्जेचं विद्युत ऊर्जेत आणि विद्युत ऊर्जेचं प्रकाश ऊर्जेत रूपांतर झालं. दहावीला ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ असा स्वतंत्र पाठ आहे, ही चांगलीच गोष्ट. पण कोळसा ते वीज, पाणी ते वीज अशा साखळ्या मुलं बाणांसकट पाठ करतात आणि बाण फक्त दिशा सांगतो. किती, ते सांगत नाही. कोळशातली जवळजवळ दोन-तृतीयांश ऊर्जा विजेपर्यंत पोहोचतच नाही, ही त्या साखळीतली सर्वांत महत्त्वाची बाब बाण पाठ करणाऱ्याच्या नजरेतून निसटते.

मग सुरुवात कुठून करावी? शाळेच्या जिन्यापासून. जिना नसेल तर टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्यांपासून. चाळीस किलो वजनाची मुलगी तीन मीटर उंचीचा एक मजला चढते. वस्तुमान, उंची आणि गुरुत्वीय त्वरण यांचा गुणाकार केला की येतात जवळजवळ १२०० ज्यूल. वही-पेन्सिल, वजनकाटा आणि उंची मोजायला टेप, एवढंच साहित्य. ‘स्थितिज ऊर्जा’ हा धड्यातला बोजड शब्द इथे आपल्या पोटऱ्यांना जाणवतो आणि त्याला आकडाही मिळतो.

आता मुलांना शाळेच्या मीटरपाशी न्यावं. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. अनेक मीटरांवर तो ३२०० असतो. त्याचा अर्थ, एक युनिट वीज वापरली गेली की तो दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार मुलांनीच करावा : एका लुकलुकीला ११२५ ज्यूल. म्हणजे चाळीस किलोच्या मुलीने एक मजला चढण्यासाठी केलेलं काम आणि मीटरच्या दिव्याची एक उघडझाप जवळपास सारखी. ही संगती आकड्यांच्या योगायोगाने जुळली आहे, पण शिक्षकाने असा योगायोग सोडू नये. कारण इथून पुढे त्या दिव्याची प्रत्येक उघडझाप मुलांना एक मजला वाटू लागते.

मग खरा खेळ सुरू होतो. शाळेतलं बाकी सगळं बंद करून फक्त एक जुना पंखा लावायचा आणि घड्याळ धरायचं. पंखा ७५ वॅटचा असेल तर दर पंधरा सेकंदांनी दिवा लुकलुकतो. नव्या धाटणीचा, तीस वॅटच्या आसपास वीज घेणारा बीएलडीसी पंखा लावला, तर दोन लुकलुकींत सदतीस-अडतीस सेकंद जातात. दोन हजार वॅटचा गिझर लावला, तर सेकंदाला जवळजवळ दोनदा. म्हणजे गिझर चालू असताना कुणीतरी एका सेकंदात दोन मजले चढतंय आणि सतत चढतंय! एक पूर्ण युनिट भरायला तीन हजारांवर वेळा जिना चढावा लागेल आणि ते युनिट आपल्याला साधारण एका चहाच्या दरात मिळतं. धडधाकट माणूस दिवसभर अंगमेहनत करतो तेव्हा सरासरी त्याच जुन्या पंख्याएवढ्या, ७५ वॅटच्या आसपासच्या दराने काम करतो. आठ तासांत त्याचं एक युनिटही भरत नाही. गेल्या दोनशे वर्षांत मानवी जीवन का पालटलं, हे इतिहासाच्या धड्याने जितकं सांगता येणार नाही तितकं हा भागाकार सांगतो. दहा मीटर खोल विहिरीतून दहा लिटरची कळशी ओढायला ९८० ज्यूल लागतात, म्हणजे एक लुकलुक पुरती भरायच्या आत. पाण्यासाठी रोज अशा खेपा घालणाऱ्या आईच्या आणि बहिणीच्या श्रमाकडे मुलगा या आकड्यानंतर वेगळ्या नजरेने पाहील, अशी निदान शक्यता तरी तयार होते.

जिना चढायची ताकद आली कुठून, हा पुढचा प्रश्न. इथे शेंगदाणा कामाला येतो. अर्ध्या ग्रॅमचा एक शेंगदाणा टाचणीवर खोचून पेटवायचा आणि त्याच्या ज्योतीवर पत्र्याच्या डब्यातलं शंभर मिलिलिटर पाणी तापवायचं. शेंगदाण्यात ग्रॅममागे सुमारे २४ हजार ज्यूल असतात, म्हणजे अर्ध्या ग्रॅमात बारा हजार. एवढ्याने ते पाणी अठ्ठावीस अंशांनी तापायला हवं. प्रत्यक्षात दहा-बारा अंश तापलं तरी खूप. इथे हिशेब जुळत नाही.

आपल्या शाळांत अशा वेळी काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला ‘रीडिंग जुळवणं’ म्हणतात. अपेक्षित उत्तर आधी ठाऊक करून घ्यायचं आणि निरीक्षणं त्याच्याकडे ढकलत न्यायची. प्रयोगवही स्वच्छ होते, सही मिळते. खोट्या हिशेबाची ही पहिली तालीम विज्ञानाच्या तासाला मिळते, हे आपल्याला खटकत नाही. ऊर्जेच्या प्रयोगात तर रीडिंग जुळवलं की धडाच नाहीसा होतो. बारा हजारांतले चार-पाच हजारच पाण्यात सापडले. उरलेले सात हजार गेले कुठे? डब्याचा पत्रा तापला. ज्योतीभोवतीची हवा तापली. थोडा काजळीत न जळता राहिला. मग मुलं ज्योतीभोवती पत्र्याचा आडोसा करतात, डब्यावर झाकण ठेवतात आणि दुसरा शेंगदाणा जाळतात. आकडा वर सरकतो. झाकण ठेवा, आडोसा करा, भांडं बुडाशी रुंद घ्या, ही चुलीपाशी पिढ्यान्पिढ्या चालत आलेली शहाणीव इथे मुलांनी स्वतः आकड्यांनी सिद्ध केलेली असते.

आणि शेंगदाणा खाल्ला तर? बारा हजार ज्यूल म्हणजे कागदावर दहा मजले. पण आपले स्नायू त्यातला पाचवा-चौथा भागच चढण्याच्या कामाला लावतात, बाकीची उष्णता होते. म्हणून एका शेंगदाण्यावर दोन, फार तर अडीच मजले. जिना चढून अंग का तापतं, हे विचारायला आता शिक्षकाची गरज उरत नाही.

इथवर आल्यावर एखादी चुणचुणीत मुलगी विचारतेच : ऊर्जा नष्ट होत नाही, तर ‘ऊर्जा वाचवा’ कशाला म्हणायचं? शाळेच्या भिंतीवरचं घोषवाक्य आणि वहीतला नियम यांच्यातला हा झगडा खरा आहे आणि बहुतेक वेळा शिक्षक हसून तो टाळतात. खरं तर ऊर्जेच्या संपूर्ण अभ्यासक्रमातला हाच सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर एका बादलीत मिळतं. नव्वद अंशांचं अर्धा लिटर पाणी घ्या, त्यातल्या थोड्या पाण्यात चहाची पूड टाका, रंग उतरतो. उरलेलं गरम पाणी बादलीतल्या नऊ-साडेनऊ लिटर गार पाण्यात ओता. बादलीचं पाणी जेमतेम तीन अंशांनी तापतं. ओतलेल्या पाण्यातली ऊर्जा सगळीच्या सगळी बादलीत आहे, कणभर कमी झालेली नाही. पण त्या बादलीवर आता चहा होणार नाही आणि बादलीतून ती ऊब गोळा करून पुन्हा पेलाभर पाणी आपोआप उकळणारही नाही. ऊर्जा संपत नाही, ती पसरते. पसरल्यावर हिशेबात राहते, उपयोगात राहत नाही. वाचवायची असते ती ही उपयोगाची संधी. उष्मागतिकीचा दुसरा नियम महाविद्यालयात समीकरणांसह येतो, तो खुशाल येऊ द्या. पण त्याचं मर्म सातवीच्या मुलाला बादलीशी बसून कळतं.

हिशेबाची सवय लागली, की तिच्यातून प्रमाणाची जाणीव येते आणि ती घोषवाक्यांनी कधीच येत नाही. ‘चार्जर सॉकेटमध्ये तसाच ठेवू नका’ हा उपदेश मुलं घरी जाऊन वडीलधाऱ्यांना करतात. चांगला चार्जर नुसता लटकत असताना पाव वॅटच्याही आत वीज खातो. ०.२ वॅट धरले, तर वर्षभरात पावणेदोन युनिटं. तेवढी वीज दोन हजार वॅटचा गिझर तासाभराच्या आत संपवतो. केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड मॅकाय यांनी २००८ च्या आपल्या पुस्तकात हाच मुद्दा लावून धरला होता : सगळ्यांनी थोडं थोडं केलं, तर थोडंच साधतं; आधी मोठ्या रकमा ओळखा. मुलांच्या अंगी चार्जर काढण्याची सवय बाणवणं वाईट नाही. पण चार्जर काढला म्हणजे पर्यावरणाचं कर्तव्य झालं, अशी समजूत आपण शाळेतूनच देत असू, तर ती चुकीची आकडेमोड शिकवणं झालं.

हीच जाणीव गावातून राज्याकडे नेता येते. शाळेच्या छतावर, चार मीटर उंचीवर, हजार लिटरची टाकी आहे. ‘टाकीच्या पाण्यावर वीज’ हा प्रदर्शनातला आणखी एक आवडता प्रकल्प. हिशेब करा : हजार किलो, चार मीटर, म्हणजे ३९ हजार ज्यूल. मीटरच्या पस्तीस लुकलुका. एक पंखा नऊ मिनिटंही चालणार नाही आणि ते पाणी वर चढवायला याहून जास्त वीज आधीच गेलेली. आता तेवढंच पाणी कोयनेच्या जलाशयातून सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्याने पश्चिमेकडे, पोफळीच्या वीजगृहात, पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली उतरवा. साडेआठशे लिटरमध्ये एक युनिट तयार होतं. पाणी तेच, फरक उंचीचा. कृष्णेकडे वाहत जाणारं पाणी कोकणाच्या बाजूला का वळवलं, खोपोलीचं वीजगृह टाटांनी १९१५ मध्ये घाटाच्या पायथ्याशीच का उभारलं, हे भूगोलाचे प्रश्न इथे आकड्यांतून सुटतात. त्याच घाटमाथ्यावर मुळशीला १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता, हेही त्याच तासाला सांगावं. एका बाजूला युनिटं जमा होतात तेव्हा दुसऱ्या बाजूला कुणाची तरी जमीन खर्ची पडते. विज्ञानाच्या हिशेबात ती नोंद येत नाही, म्हणून ती शिक्षकाने करायची.

कोळशाची वीज याहून सोपी. तराजूत साडेसहाशे-सातशे ग्रॅम कोळसा तोलून टेबलावर ठेवावा. औष्णिक केंद्रात एका युनिटसाठी साधारण एवढा जळतो. कोराडीच्या कूलिंग टॉवरवर दिसणारे वाफेचे ढग म्हणजे शेंगदाण्याच्या प्रयोगात न सापडलेले सात हजार ज्यूल, फक्त फार मोठ्या प्रमाणात.

या मांडणीवर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला आक्षेप शिक्षणशास्त्रातलाच आहे. २००६ मध्ये कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी एका गाजलेल्या लेखात दाखवलं, की मुलांना साहित्य देऊन ‘तुम्हीच शोधा’ म्हणून मोकळं सोडलं, तर नवशिक्यांच्या डोक्यावर फार भार पडतो आणि फारसं शिकणं होत नाही. मला हा आक्षेप मान्य आहे. जेम्स जूल यांनी जे शोधायला आयुष्याची उमेदीची वर्षं घालवली, ते मुलाने पस्तीस मिनिटांच्या तासात आपण होऊन शोधावं, ही अपेक्षा भाबडी आहे. पण इथे शोधायला सांगितलेलंच नाही. सूत्र शिक्षकाने सांगावं, एकक सांगावं, कसं मोजायचं ते दाखवावं. मुलांच्या वाट्याला दोनच गोष्टी : स्वतः मोजणं आणि न जुळलेल्या रकमेचा माग काढणं. मार्गदर्शन आणि कृती यांच्यात आपण उगाच भांडण लावलं आहे.

दुसरा आक्षेप साधनांचा. प्रयोगशाळा नाही, वीज कधी असते कधी नसते, मग कृती कशाच्या जोरावर? इथे विज्ञानाचा इतिहास दिलासा देतो. सूर्याकडून पृथ्वीवर किती ऊर्जा येते, हे फ्रान्सच्या क्लोद पुइये यांनी १८३८ च्या सुमारास मोजलं, ते काजळी फासलेल्या एका पाण्याच्या भांड्याने आणि तापमापीने. त्यांचा आकडा आजच्या मापात चौरस मीटरला १२२८ वॅट येतो. आजचा मान्य आकडा १३६१ आहे. शाळेतली मुलं काळा रंग दिलेल्या थाळीत अर्धा लिटर पाणी घालून दुपारच्या उन्हात दहा मिनिटं ठेवतात, तेव्हा ती तेच करत असतात. जूल हे मँचेस्टरजवळच्या बीअर बनवणाऱ्या घराण्यातले. त्यांनी खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवली आणि अंशाच्या लहानशा भागाएवढी तापमानवाढ चिकाटीने मोजली. शाळेत तीच गोष्ट मीटरभर लांबीच्या प्लास्टिक पाइपमध्ये सायकलच्या बेअरिंगचे पोलादी छर्रे घालून, दोन्ही टोकांना बूच लावून, शंभर वेळा उलटंपालटं करून होते. छर्रे दोन अंशांच्या आसपास तापायला हवेत. एक-दीड अंश तापतात. उरलेला अर्धा-एक अंश कुठे गेला, यावर एक अख्खा तास घालवावा. बाजारात मिळणारी तापमापी, वजनकाटा आणि टेप, यांच्या पलीकडे इथे काही लागत नाही.

शिवाय बऱ्याच शाळांत एक प्रयोगशाळा रोज पेटते, तिच्याकडे कुणी प्रयोगशाळा म्हणून पाहत नाही. पोषण आहाराचं स्वयंपाकघर. मटकी भिजवून शिजवली आणि न भिजवता शिजवली, तर गॅस किती मिनिटं चालू राहिला? झाकण ठेवलं आणि न ठेवलं तर? सिलिंडरचं वजन आठवड्याच्या सुरुवातीला किती, शेवटी किती? खिचडी उकळायला लागल्यावर भांडं गवत भरलेल्या पेटीत ठेवून दिलं, तर ती पेटीतच शिजते का? या नोंदी स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या मदतीने वर्षभर ठेवल्या, तर शाळेचं एखादं सिलिंडर वाचेलही. त्याहून मोठी गोष्ट, त्या ताईंना जे अनुभवाने ठाऊक होतं, त्याला मुलांच्या वहीत विज्ञान म्हणून जागा मिळेल.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड : हे सगळं आधीही झालं आहे आणि टिकलं नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याची योजना मांडली. टकळीवर सूत काढायचं, पण त्या प्रत्येक क्रियेमागचं का आणि कसं तिच्याबरोबरच शिकायचं, हा त्यांचा आग्रह होता. पुढे बऱ्याच ठिकाणी टकळी राहिली, का आणि कसं गळून पडलं. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सोळा शाळांतून सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम याहून पुढे गेला. मुलं गटाने प्रयोग करत, सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर मांडले जात, आकडे वेगळे का आले यावर चर्चा होई. पुण्यातल्या कारखान्यात नोकरी करणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन तिथे गेले. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून विज्ञान शिकवणारी त्यांची खेळणी त्या अनुभवातून जन्मली. २००२ मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला. पण तीस वर्षं तो टिकला कसा, हेही पाहायला हवं. एक मोठं कारण, त्यांनी परीक्षा बदलली. पुस्तक उघडं ठेवून उत्तरं लिहायची आणि प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवायचा, अशी त्यांची परीक्षा होती. वर्गातलं शिकवणं आणि परीक्षा एकाच दिशेला तोंड करून उभी होती.

महाराष्ट्रात पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हीच दिशा धरली. त्यांच्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात ऊर्जा-पर्यावरण हा चार विभागांपैकी एक आहे. मुलं वायरिंग करतात, सौरदिवे जोडतात आणि केलेल्या कामाचा खर्च काढतात. खर्च काढण्याची ही शिस्त मला त्या कार्यक्रमाचा कणा वाटते, कारण पैशाचा हिशेब करणारं मूल ज्यूलच्या हिशेबाला बिचकत नाही. राज्याच्या माध्यमिक मंडळाने या अभ्यासक्रमाला मान्यता दिली; म्हणजे दार आधीच उघडलेलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद आहे. त्यातले दोन दिवस शाळेच्या आणि गावाच्या ऊर्जेच्या जमाखर्चाला दिले, तर नवा तास, नवा शिक्षक, नवी इमारत, काहीच लागत नाही.

अशा मुलांना पुढे कशाला तोंड द्यायचं आहे, तेही पाहावं. सॉकेटमध्ये लावताच घरगुती बिल निम्मं करणारी यंत्रं बाजारात विकली जातात. ज्या मुलीने मीटरच्या लुकलुका मोजल्या आहेत, ती तो प्लग लावून पंधरा मिनिटं मोजेल, काढून पंधरा मिनिटं मोजेल आणि घरातल्यांचे पैसे वाचवेल. छतावरच्या एक किलोवॅटच्या सौर पॅनेलमधून दिवसाला चारेक युनिटं मिळतात. आपल्या घराला किती लागतात, ते ती सांगू शकेल. मोफत विजेचं आश्वासन देणाऱ्याला ती विचारू शकेल, की ती वीज येणार कुठून आणि खर्च कोणाच्या खात्यात पडणार. ही नागरिकशास्त्राचीही तयारी आहे आणि ती विज्ञानाच्या तासालाच होऊ शकते.

म्हणून मागणी एकच करावीशी वाटते आणि ती नव्या साहित्याची किंवा आणखी एखाद्या प्रदर्शनाची नाही. दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत ऊर्जेचा एक प्रश्न असा असावा, ज्याचं छापील उत्तर नाही. मुलाने मोजावं, हिशेब मांडावा आणि जो भाग सापडला नाही तो कुठे गेला असेल, हे कारणांसह लिहावं. गुण जुळलेल्या आकड्याला नकोत, त्या शोधाला हवेत. परीक्षेत हे आलं, की शिक्षक ते वर्गात आणतील, पालक त्याची चौकशी करतील आणि रीडिंग जुळवण्यात कुणाचाच फायदा उरणार नाही. बाकीच्या सुधारणा त्यामागून येतील. हा बदल झाला नाही, तर त्या आल्या तरी टिकणार नाहीत.